मोर्वाँत सोमवारी पाव मिळत नाही

मिशलँच्या कागदी नकाशावर रस्ता जिथं उभा होतो तिथं बारीक काळे बाण छापलेले असतात. एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन असले तर त्याहून जास्त. गोम आहे ती बाणाच्या टोकात. मला वाटलं, पाणी जिकडं वाहील तिकडं टोक. म्हणून फ्रान्समधल्या वेझले गावातून सायकलवर निघाल्यावर नकाशात दोन बाण आपल्याच दिशेनं चाललेले बघून मी खुशीत थांबले आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली, उताराला वारं लागू नये म्हणून. वळण घेतलं तर रस्ता समोर भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखा. बाणाचं टोक चढाकडं असतं, हे मला जॅकेटमध्ये घामाघूम झाल्यावर कळलं.

मी मूळची वाईची. नऊ वर्षं झाली, नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला राहते. तिथं पाऊस असो, वारा असो, रोज सायकल. पण चढ म्हणाल तर कालव्यावरचा पूल. शाळेत असताना भावाची अ‍ॅटलस घेऊन पसरणीच्या घाटात जायचो. जाताना हातात धरून ढकलायची, येताना ब्रेकवर भरवसा टाकून डोळे बारीक करायचे. घाटाचा अनुभव एवढाच.

ऑफिसात एक सहकारी फ्रान्समधल्या दिजोंचा आहे. मला जूनमध्ये पाच दिवस मोकळे मिळाले तेव्हा तो म्हणाला, मोर्वाँला जा, तिथं कुणी जात नाही. आणि हसत हसत त्यानं त्यांच्याकडची जुनी म्हण ऐकवली: मोर्वाँहून ना चांगला वारा येतो, ना चांगली माणसं. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताच्या मधोमध ग्रॅनाइटचा एक फुगवटा आहे, वर सगळं जंगल, त्याचं नाव मोर्वाँ. सगळ्यात उंच जागा ओ-फोलँ, 901 मीटर. पाचगणीपेक्षाही कमी! हात्तिच्या, म्हटलं.

तरी तयारी केली ती चढाचीच. दुकानातून मागचं दातेचक्र बदलून आणलं: मागचं सगळ्यात मोठं 34 दात्यांचं, पुढचं सगळ्यात छोटं 26 चं. या जोडीवर पायडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल दीड-पावणेदोन मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी सहा किलोमीटर. भरभर चालणारा माणूस आपल्याला मागं टाकेल, पण सामानासकट बसून चढता येतं. तंबू, झोपायची पिशवी, गॅसची चिमुकली शेगडी, कपडे असं सगळं मिळून 17 किलो दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत भरलं. एका झोळीच्या तळाशी अर्धा किलो पातळ पोहे आणि मेतकुटाची डबी टाकली. वजनाला हलके, म्हणून. नाहीतर फ्रान्समध्ये खाण्याची काय चिंता, असं त्या वेळी मला खरंच वाटत होतं.

रात्रीच्या बसनं, मागच्या रॅकवर सायकल लटकवून, पॅरिसला बेर्सीच्या बसतळावर पोचले. बेर्सीचं रेल्वे स्टेशन तिथून जवळच. तिथून गाडीनं सेर्मिझेल नावाच्या एवढ्याशा स्टेशनावर उतरले आणि दहा किलोमीटरवरच्या वेझलेला गेले. वेझले डोंगराच्या शेंडीवर आहे. एकच रस्ता वर बाझिलिकेपर्यंत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपर्यंत, जातो आणि तिथंच संपतो. 1146 साली संत बर्नारनं दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली ती इथं. पाठीवर पिशव्या आणि पिशवीला शिंपला बांधलेली माणसं इथून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्रापर्यंत पायी निघतात. त्यातल्या एकानं माझ्या सायकलीकडं आणि मी त्याच्या बुटांकडं दयेनं पाहिलं. मग तो बाणाचा रस्ता.

पहिल्या दिवशीच कळलं की 901 या आकड्याला काही अर्थ नाही. पसरणीचा घाट कसा, एकदा चढायला लागलं की चढायचं, माथ्यावर पाचगणीचा सपाट सडा लागतो आणि घाट संपतो. मोर्वाँत माथाच नाही. गोल गोल टेकड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, आणि प्रत्येक दोघींच्या मध्ये ओढा. रस्ता ओढ्याकडं उतरतो, छोटा दगडी पूल, की लगेच चढ. दीडशे मीटर चढायचं, शंभर उतरायचं, पुन्हा एकशेवीस चढायचं. दिवसअखेर बेरीज मोठ्या घाटाएवढी होते आणि दाखवायला हाती एकही शिखर नसतं. घरकामासारखं.

पण खरं सांगू, चढ सवयीचे होतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं तंत्र बसलं होतं. चढ दिसायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, दम लागल्यावर नाही. ताण आल्यावर साखळी कुरकुरते आणि हलत नाही. वर बघायचं नाही. पुढच्या चाकापुढं दोन हात रस्ता, तेवढाच आपला. कडेला जांभळ्या डिजिटॅलिसचे तुरे उभे असतात, ते मोजायचे. आणि आवाज: सपाटीवर सायकल चालवताना ऐकू न येणाऱ्या गोष्टी ताशी सहाच्या वेगाला ऐकू येतात. झाडाआडचा ओढा, कोकिळेच्या जातीचाच पण घड्याळातल्यासारखा दोनच सुरांत ओरडणारा कुकू, कुठंतरी लांब करवत.

करवत जास्त. बीच आणि ओकचं जुनं जंगल असतं तिथं खाली हिरवा उजेड पडतो, पाचोळ्याचा वास येतो. मग अचानक डग्लस फर या सूचिपर्णी झाडांची लागवड सुरू होते: सरळ रांगा, खाली काळोख, एक गवताचं पातं नाही. आणि त्याच्या पुढच्या वळणावर अख्खी टेकडी भादरलेली, नुसती खुंटं. सगळी झाडं एकदम तोडून विकायची आणि पुन्हा फर लावायचा, हा इथला धंदा आहे आणि त्यावर इथं भांडणंही आहेत. काही लोकांनी वर्गणी काढून जंगलाचे तुकडे विकत घेतलेत, तोडू नयेत म्हणून. नाताळची झाडंही इथून मोठ्या संख्येनं जातात. कमरेएवढ्या नाताळ-झाडांचं शेत जूनच्या उन्हात बघायला विचित्र वाटतं, दिवाळीचे कंदील मे महिन्यात टांगलेले दिसावेत तसं.

शनिवारचा मुक्काम कारे-ले-तोंबजवळ केला. या गावात चर्चभोवती दगडी शवपेट्या पडल्यात, शंभरावर, त्या इथं का आणल्या हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. रविवारी सकाळी बूलांजेरीसमोर, म्हणजे पावाच्या दुकानासमोर, रांग लागली होती. मी एक लांब पाव आणि दोन क्रोआसाँ घेतली, रांगेतल्या सगळ्यांना एकत्र एक ‘बोंजूर’ घातला. हे महत्त्वाचं. फ्रेंच खेड्यात दुकानात शिरताना बोंजूर म्हटलं नाही तर आपण भिंतीतून आलो असं समजतात. म्हटलं की मोडकंतोडकं काहीही चालतं.

दँ-ले-प्लासला चर्चसमोर बराच वेळ बसले. 1944 च्या जूनच्या शेवटी जर्मन सैन्यानं या गावातल्या 27 जणांना मारलं, बहुतेकांना या चर्चच्या दारापुढं गोळ्या घालून, आणि घरं पेटवली. मेलेल्यांत गावचा मेयर आणि पाद्रीही होते. आसपासच्या जंगलात प्रतिकार करणाऱ्यांचे तळ होते, त्याचा हा सूड. चौकात त्या वेळी फक्त मी आणि एक मांजर. झोळीतला पाव बाहेर काढायला हात धजला नाही. गावाबाहेर जाऊन खाल्ला.

रविवारी दुपारी वाट वाकडी करून आलिन्यीला गेले, आणि या पाच दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. तिथं दायांचं संग्रहालय आहे. दूध पाजणाऱ्या दायांचं. मोर्वाँची जमीन निकस, राय नावाचं धान्य आणि बटाटा यांपलीकडं फार काही पिकत नसे. एकोणिसाव्या शतकात इथल्या बायका बाळंतपण झालं की आपलं तान्हं सासूकडं किंवा आईकडं ठेवून पॅरिसला जात, श्रीमंतांची बाळं पाजायला. वर्ष, दीड वर्ष. पगार चांगला, रेशमी फितीची टोपी, घरात मान. गावाकडं पाठवलेल्या त्या पैशांतून नवी घरं उभी राहिली, त्यांना नावच पडलं ‘दुधाची घरं’. आणि उलट दिशेनं पॅरिसची अनाथ, टाकून दिलेली मुलं सरकार इथं पाठवायचं, मोर्वाँच्या घरांत वाढवायला. त्यांचेही पैसे मिळत. त्या मुलांना गावात ‘छोटे पॅरिस’ म्हणत.

कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरीवर घरं चालली हे आपण ऐकत आलो. तिथं गिरणीत बाप्ये गेले. इथं बाया गेल्या, आणि विकलं ते अंगावरचं दूध. एका फोटोत एक दाई बसलीय, मांडीवर लेस घातलेलं गुबगुबीत बाळ. तिचा चेहरा कॅमेऱ्याकडं आहे, हात मात्र बाळाला सैल धरलेले. मी त्या हातांकडंच बघत राहिले. तिथून निघाल्यावर रस्त्यात दोन मजली, ग्रॅनाइटच्या चौकटींचं कुठलंही नीटस घर दिसलं की मी मनात विचारायचे: हे दुधाचं का?

संध्याकाळी सेतोंच्या तळ्यावर पोचले. आता तिथं पायडलच्या होड्या आणि आइस्क्रीम. पण धरण बांधलं 1854 ते 1858 मध्ये, ते लाकडासाठी. पॅरिसच्या चुलींना सरपण मोर्वाँतून जायचं. ओंडक्यांवर मालकाची खूण हातोडीनं ठोकायची आणि ओढ्यांत सोडून द्यायचे. तळ्याचं पाणी सोडलं की क्यूर नदीला लोंढा येई आणि लाकडं वाहत जात. दूध, मुलं, लाकूड, सगळं पॅरिसच्या वाटेवर. त्या म्हणीतल्या ‘चांगली माणसं येत नाहीत’चा मला तळ्याकाठी जरा रागच आला.

आता सोमवार.

फ्रेंच खेड्यातलं दुकानाचं घड्याळ मी ऐकून होते, मनावर घेतलं नव्हतं. दुपारी साडेबाराला शटर खाली, ते तीन-साडेतीनला वर. जेवणावळीत दीड वाजून गेला की स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर काही नाही. आणि सोमवारी तर बऱ्याच गावांचा बाजारच झोपलेला. पाव विकणाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचं हा अनेक जिल्ह्यांत सरकारी हुकूमच आहे, आणि खेड्यांत तो दिवस बहुधा सोमवार.

सकाळी तळ्यावरून निघताना शिल्लक होतं एक केळं आणि पावाचं टोक. प्लाँशेमार्गे शातो-शिनोंला पोचले तोवर दोन्ही संपलं होतं. या गावाचे मितराँ 1959 ते 1981 बावीस वर्षं मेयर होते, इथूनच ते राष्ट्राध्यक्षपदावर गेले. मेरीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, इमारतीसमोर एक रंगीबेरंगी हलतं कारंजं आहे, निकी द सँ फाल आणि ताँगली या शिल्पकारांनी केलेलं. हलत हलत पाणी उडवणाऱ्या आकृत्या, जत्रेतल्या खेळण्यांसारख्या. मी तिथं पंधरा मिनिटं रमले. त्याच पंधरा मिनिटांत खाण्याचं सामान घ्यायचं होतं. पण नकाशात पुढच्या गावावर दुकानाची खूण होती, आणि पुढं चढ. पाव वाहून कशाला न्या, तिथंच घेऊ. वजनाचा हिशेब करत होते मी. 250 ग्रॅमच्या पावाचा.

पुढच्या गावात बूलांजेरी होती. काचेवर कागद: सोमवार बंद. त्याच्या पुढच्या गावात बूलांजेरीची पाटी होती, खाली कुणाचंतरी राहतं घर, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. कॅफेच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. गावाचं नाव सांगत नाही, चूक त्याची नव्हती. तिसऱ्या गावात लाल रंगाचं पावाचं यंत्र होतं, नाणी टाकली की गरम पाव देणारं. मी सायकल अक्षरशः टाकून धावले. यंत्रावर हिरवा दिवा, आत सगळे कप्पे रिकामे. माझ्यासारखेच सगळे सोमवारी त्याच्याकडं येत असणार.

त्यानंतरच्या चढावर पाय गेले. दुखले नाहीत, गेले. भूक लागल्याची जाणीव उलट संपते, हाताला बारीक कंप सुटतो, आणि डोकं मूर्खासारखं काहीतरी करू लागतं. मी 26 दात्यांवर असूनही अजून खालचा गिअर शोधत अंगठ्यानं खटका दाबत राहिले होते. उतरले. ढकलायला लागले. पसरणी. बाटलीत दोन घोट पाणी.

पाणी कुठं मिळतं हे मात्र मला सहकाऱ्यानं सांगून ठेवलं होतं: स्मशानात. प्रत्येक गावाच्या कडेला भिंतीचं दफनस्थान असतं आणि आत फुलांना पाणी घालायला नळ असतो. ‘पिण्याचं नाही’ अशी पाटी नसेल तर गावाचंच पाणी. लोखंडी दार ढकललं. आतल्या बाजूला नळ, त्याखाली हिरव्या झाऱ्या ओळीनं टांगलेल्या. पाटी नव्हती. दोन बाटल्या भरल्या, एक तिथंच प्यायले. आणि मग झोळीच्या तळाचे पोहे आठवले.

दाराबाहेर भिंतीला लागून बाक होता. डब्यात तीन मुठी पोहे घेतले, नळाचं पाणी शिंपडलं, हातानं हलकेच वरखाली केले, झाकण लावून पाच मिनिटं ठेवायला हवे होते, मी दोन ठेवले. वर मेतकूट, मीठ, तिखट. तेल नाही, कांदा नाही, खोबरं कुठलं. आईनं याला दडपे पोहे म्हणू दिलं नसतं. मी डब्यातच तोंड घालून खाल्ले. मेतकुटातल्या हिंगाचा वास नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तिखटामुळं असेल.

तेवढ्यात एक आजी आल्या, हातात झारी आणि रोपांचा खोका. मी पटकन उभी राहिले, तोंडात घास, बोटं पिवळी. ‘बोंजूर मादाम.’ त्यांनी डब्यात वाकून पाहिलं. माझ्या फ्रेंचमध्ये मी तांदूळ, चपटा, भारत असे तीन शब्द जुळवले. पाव मिळाला नाही, असंही सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मी रात्री बारा वाजता सूर्य कुठं गेला म्हणून विचारतेय. ‘पण आज सोमवार आहे!’ म्हणाल्या. मग कुठून, कुठं, एकटीच, ही चौकशी झाली. आत जाताना वळून ‘बों कुराज’. चढावर सगळेच ते म्हणतात, गाडीच्या काचेतून, कुंपणापलीकडून. ‘धीर धर’ आणि ‘बिचारी’ यांच्या मधलं काहीतरी. बाहेर येताना त्यांनी झारीतलं उरलेलं पाणी माझ्या बोटांवर ओतलं. हात धुवायला. न विचारता.

पोह्यांवर मी ओ-फोलँच्या बाजूचा चढ चढले. शिखराचं असं काही नाही, फरची झाडं आणि एक मनोरा. संध्याकाळी वादळ आलं, रात्रभर तंबूवर ताशा.

मंगळवारी उतारावर मागचं ब्रेक किंचाळायला लागलं. ओल्या रस्त्यावरची ग्रॅनाइटची रेव ब्रेकच्या रबरांत रुतून बसली होती आणि एका बाजूचं रबर खाऊन आतली पट्टी रिमला लागत होती. नेदरलँड्समध्ये रबरं वर्षानुवर्षं जातात. इथं चार दिवस. रस्त्याकडेला बसून पाचाच्या अ‍ॅलन कीनं बदलली, हात काळे, पायावर मुंग्या. सुटी रबरं न्यायचं सुचलं होतं, पाव न्यायचं नाही.

बव्रेच्या डोंगरावर सायकल खाली ठेवून चालत गेले. 821 मीटर, वर बिब्राक्त: एदुई या गॉल टोळीची राजधानी. गॉल म्हणजे रोमनांनी जिंकण्याआधीचे इथले लोक. इसवी सनापूर्वी 52 मध्ये व्हेर्सँजेतोरिक्सला सगळ्या गॉल टोळ्यांचा सेनापती म्हणून इथंच मान्यता मिळाली, आणि तो हरल्यावर रोमन सेनापती सीझरनं हिवाळा इथंच काढला. आता तिथं बीचचे म्हातारे वृक्ष आहेत, कधीकाळी कुंपणासाठी वाकवलेले, गाठी-गाठींचे, मुळं जमिनीवर सांडलेली. मधूनमधून उत्खननाचे चौकोन. पुढं रोमन काळात इथले लोक डोंगर सोडून खाली ऑगस्टसच्या नावानं वसवलेल्या नव्या शहरात, आजच्या ओतँमध्ये, राहायला गेले. इतिहासकार व्यापार, रस्ते वगैरे कारणं देतात. मला विचाराल तर रोज चढून कंटाळले असणार.

मीही त्यांच्यामागून खाली उतरले. ओतँला रोमन वेशीतून आत शिरले तेव्हा सहा वाजायला आले होते आणि बूलांजेरी उघडी होती. दोन पाव घेतले, एक बाहेर पडेपर्यंत अर्धा झाला.

रात्री आईचा फोन. गुडघे बरे आहेत का, एकटी कुठं झोपतेस, पाऊस आहे का. मग मुद्द्याचं:

‘जेवायचं काय करतेस गं?’

‘काल पोहे खाल्ले. मेतकूट लावून.’

‘अगो बाई! बरं झालं दिले ते. कुठं केलेस?’

‘एका गावात. बाक होता, बाजूला पाण्याचा नळ होता.’

‘देवळात का?’

‘तसंच काहीतरी,’ म्हटलं.